बिलच्या आईकडे अंधारून आलंय

आमच्या घरी फोनच्या टेबलावर एक वही असायची, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. बाबा डॉक्टर, गावातला दवाखाना म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली, आणि बाबा व्हिजिटला बाहेर पडले की फोन आईने घ्यायचा हे कुणी न सांगता ठरलेलं. पगार शून्य. त्या काळात इंग्लंडातल्या खेड्यात डॉक्टरशी लग्न केलं की हे काम आंदण मिळायचंच, बाई गोरी असो की बार्शीची.

आमची आई बार्शीची. इंग्रजी तिला येत होतं, म्हणजे व्याकरण पक्कं, स्पेलिंग तर बाबांपेक्षा चांगलं. पण डर्बीशायरच्या डोंगरातली लोकं जे बोलतात ते वेगळंच प्रकरण. 'हॅलो'च्या जागी 'ए अप मी डक'. डक म्हणजे बदक हे आईला माहीत होतं, त्यामुळे पहिले कित्येक दिवस ही सगळी माणसं आपल्याला बदक का म्हणतात ह्याचा तिला राग येत होता. बापयांनाही डक, बायकांनाही डक, मलाही डक, खाटकाच्या कुत्र्यालाही डक. आपल्याकडे कोल्हापुरात 'भावा' म्हणतात तसं ते आहे हे कळायला तिला अख्खा हिवाळा लागला.

तर एका दुपारी कुणाचा तरी फोन आला, औषधाचं काहीतरी विचारायला. बोलणं संपवता संपवता तो माणूस म्हणाला, 'इट्स ब्लॅक ओव्हर बिल्ज मदर्ज.' आईने 'येस येस, थँक यू' म्हणून फोन ठेवला आणि वहीत नोंद केली, देवनागरीत, कारण घाईत ती देवनागरीतच लिहायची: 'बिलची आई. काळी पडली आहे. व्हिजिट?'

बाबा आले, वही बघितली, चेहरा गंभीर. काळीनिळी पडली म्हणजे हार्ट असेल नाहीतर छाती. पण कुठला बिल? गावात बिल नावाची तीन माणसं, त्यातल्या दोघांच्या आया चर्चच्या आवारात कायमच्या झोपलेल्या, तिसऱ्याची लांब कुठेतरी लेकीकडे राहायला गेलेली. बाबा बॅग घेऊन पोस्टात चौकशीला गेले. पोस्टातली बाई काउंटरला धरून हसत सुटली म्हणे. त्या भागात आभाळ भरून आलं की म्हणतात, बिलच्या आईकडे अंधारून आलंय. कोण बिल, कुठली आई, कुणाला माहीत नाही. पाऊस येणार एवढाच अर्थ.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या गावात. पुढची कित्येक वर्षं आई दुकानात गेली की कुणी ना कुणी विचारायचंच, काय म्हणते बिलची आई, बरी आहे ना? सुरुवातीला आई कानकोंडी व्हायची. नंतर ती उलट उत्तर द्यायला लागली, की बरी आहे, आजच रक्त तपासलं. मला वाटतं आम्ही त्या गावचे थोडेफार झालो ते इथपासून, पण 'थोडेफार' हा शब्द जपून वाचा, त्यावर पुढे येतेच.

गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथे माणसं आहेत. बेकवेलपासून काही मैलांवर, वरच्या पठारावर. आम्ही गेलो १९७२ च्या शरद ऋतूत, मी चार वर्षांची, दादा नऊचा. तेव्हा आपल्याकडचे डॉक्टर तिकडे ढिगाने जायचे पण असल्या कॅलेंडरवरच्या चित्रासारख्या जागा त्यांना सहसा मिळायच्या नाहीत, त्यांच्या वाट्याला कोळशाच्या खाणींची गावं नाहीतर मोठ्या शहरातल्या गरीब वस्त्या. बाबांचा कसा काय योग आला, तर तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना मदतनीस हवा होता आणि दगडखाणीत काम करून छाती भरलेली माणसं रात्री-अपरात्री बघायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बाबा तयार होते. १९७९ च्या जानेवारीत रस्ता बर्फाने बंद झाला तेव्हा ते ट्रॅक्टरवर मागे उभं राहून एका बाळंतिणीकडे गेले होते, बॅग पोटाशी धरून, डोक्याला आईची शाल गुंडाळून. तसा फोटो कुणी काढला नाही ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

गाव म्हणजे काय, तर करड्या दगडाची घरं, करड्या दगडाच्याच चुना-सिमेंट न लावता रचलेल्या भिंती शेताशेताला, एक चर्च, एक मेथडिस्ट चॅपेल, पब, शाळा, पोस्ट आणि दुकान एकाच छपराखाली. लाल फोनबूथ. सोमवारी बेकवेलच्या बाजाराला बस. पंधरा दिवसांनी लायब्ररीची गाडी, तिच्यात ओल्या कोटांचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. सकाळी दारात दुधाच्या बाटल्या, त्यांच्या चंदेरी झाकणाला चिमण्यांएवढे निळे-पिवळे पक्षी चोच मारून वरची साय खायचे, त्यावर आई बाटल्यांवर उलटे कप ठेवायची. त्याच दुधाचं दही ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात विरजायची, टॉवेल आणि बनियनच्या मधे. आमच्या टॉवेलांना कायम आंबूस वास यायचा आणि तो सगळ्याच टॉवेलांना येतो असं मला वाटायचं.

आमच्या शेजारी एक म्हातारी बाई होत्या. एकट्या, नवरा दगडखाणीत गेलेला. त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न पडल्यावर आई म्हणाली, आजी म्हणा, वयाने आजीच आहेत. त्यांना वाटलं हे आमच्याकडचं मिसेससारखं काहीतरी आहे. मग कळल्यावर त्यांनी ते नाव ठेवूनच घेतलं, ख्रिसमस कार्डावर सही करायच्या ती 'आजी' अशीच, रोमन लिपीत ए-जे-ई-ई.

ह्याच आजींनी आम्हाला एकदा वाचवलं. गावात फी द्यायची पद्धत नाही, सगळं सरकारी एनएचएसचं, पण माणसांना फुकट घ्यायला कसंतरी होतं, म्हणून पायरीवर काहीबाही ठेवलेलं असायचं. अंडी, बटाटे, ससा (हा बाबा गुपचूप दुसऱ्याला द्यायचे). एका वसंतात रुबार्बची मोठी जुडी आली. लाल दांडे, वर हिरवीगार रुंद पानं. आईने दांडा चाखला, आंबट! अंबाडी! घर सोडल्यापासून तिने अंबाडीची भाजी खाल्ली नव्हती. तिने पानं खुडून घेतली, दांडे बाहेर टाकले, लसणीची फोडणी तयार केली आणि तेवढ्यात आजी मागच्या दाराने आल्या, टाकलेले दांडे बघितले, ओट्यावर चिरलेली पानं बघितली आणि किंचाळल्याच. रुबार्बचं पान विषारी असतं, खायचा तो दांडा. आम्ही अगदी बरोबर उलटं करून बसलो होतो. त्या दिवशी आजींनी दांड्यांचं क्रम्बल केलं आणि आईने उरलेल्या दांड्यांची डाळ घालून भाजी केली, अंबाडीसारखीच, थोडा गूळ जास्त. आजींनी ती खाल्ली, पाणी प्यायल्या, परत खाल्ली.

उन्हाळ्यात गावची जत्रा असते, व्हिलेज फेट म्हणतात, हिरवळीवर मांडव, जॅमच्या बाटल्या, जुन्या वस्तूंचा स्टॉल, केकचं वजन ओळखा. तिथे नारळ फेकून पाडायचा खेळ असतो, म्हणजे नारळ खांबावर ठेवलेले आणि आपण लाकडी चेंडू मारायचा, पडला की नारळ तुमचा. आणि जिंकलेल्या नारळाचं करायचं काय हे एकालाही माहीत नव्हतं! वर्षानुवर्षं ती लोकं नारळ जिंकून गॅरेजमध्ये ठेवत होती. दुसऱ्या वर्षापासून सगळे विजेते आपापला नारळ आईला आणून द्यायला लागले. तिसऱ्या वर्षी केकच्या स्टॉलवर नारळाच्या वड्या होत्या, आणि माझा दादा, जो क्रिकेटमध्ये कधी कुणाला आउट करू शकला नाही, त्याने एका दुपारी चार नारळ पाडले.

आता ते 'थोडेफार'.

त्या गावात बाहेरून आलेल्या माणसाला इनकमर म्हणतात. आपल्याकडे उपरा म्हणतो तसं. पोस्टातली बाई मॅटलॉकची, म्हणजे मोटारने अर्ध्या तासाचा रस्ता, तिला गावात येऊन तीस वर्षं झाली होती, तिची मुलं तिथेच जन्मली, तरी तिच्याबद्दल बोलताना लोकं म्हणायची, ती काही इथली नाही. हे ऐकून बाबांना फार हायसं वाटलं होतं. म्हणजे आपणच परके असं नाही, इथे पलीकडच्या खोऱ्यातलाही परकाच. पण बाबा मोठे होते, त्यांना असा हिशेब करता यायचा. मला शाळेच्या वाटेवर एक मोठा मुलगा रोज 'पाकी' म्हणायचा, १९७० च्या दशकात तो शब्द हवेतच होता, आणि मॅटलॉकच्या बाईला तसं कुणी काही म्हणत नव्हतं. घरी सांगितलं नाही. त्याच मुलाची आजी दर आठवड्याला आमच्या पायरीवर अंडी ठेवायची, ती अंडी मी खायची नाही, आणि का खात नाही हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाण्याबद्दल लिहायचं होतं, तेच राहतंय. तो सगळा भाग चुनखडीचा. पाऊस मरणाचा पडतो, पण पाणी वर थांबत नाही, भेगांतून खाली निघून जातं. जवळच लॅथकिल नावाची नदी आहे, तिचा वरचा भाग उन्हाळ्यात चक्क गायब होतो, पात्रात नुसते शेवाळलेले दगडगोटे. त्यामुळे जिथे झरा किंवा विहीर आहे तिची त्या लोकांना भारी किंमत, आणि वर्षातून एकदा ती सजवतात. वेल ड्रेसिंग. टिसिंग्टन गावात ते असेन्शन डेला, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी होतं, तिथे सांगतात की १३४९ च्या प्लेगात आमचं गाव वाचलं ते ह्या शुद्ध पाण्यामुळे, म्हणून हे आभार. यूलग्रेव्हमध्ये १८२९ साली नळाने पाणी आलं तर तिथली लोकं नळ सजवायला लागली. आपल्याकडे नवीन बोअरला नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, तेच की.

आम्ही इंग्लंडला पोचलो ते ७२ साल, म्हणजे इकडे दुष्काळ. आजोबा मंगळवेढ्याला, दामाजीपंतांच्या गावात, जिथे दुष्काळ ही गोष्ट कीर्तनातच असते आणि बाहेरही. त्यांची निळी एरोग्राम यायची, बारीक अक्षरात, कडेकडेने सुद्धा लिहिलेली. आडाला पाणी नाही, खडी फोडायला चांगल्या घरच्या बायका गेल्या, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरत नाही. आई ती पत्रं खिडकीशी उभी राहून वाचायची आणि बाहेर धो धो पाऊस.

मग १९७६ आलं. जूनच्या शेवटी जे ऊन पडलं ते इंग्लंडने पाहिलेलं नव्हतं. २३ जून ते ७ जुलै, सलग पंधरा दिवस देशात कुठे ना कुठे पारा ३२ डिग्रीच्या वर. आपल्याला हसू येईल, पण तिथे रस्त्याचं डांबर पातळ झालं, हिरवळी पिवळ्या पडल्या, लोकं घेरी येऊन पडत होती आणि बाबा सगळ्यांना टोपी घाला, पाणी प्या एवढंच सांगत फिरत होते. ऑगस्टमध्ये सरकारने डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्यांकडे खास दुष्काळाचं खातं दिलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पाऊस सुरू झाला. आजोबांनी पत्रात विचारलं होतं, हा मंत्री आपल्याकडे पाठवता येईल का.

आणि नेमकं त्याच पंधरवड्यात आमच्या गावचं वेल ड्रेसिंग.

ते कसं करतात सांगते, कारण फोटोत ते नुसतं फुलांचं चित्र दिसतं. मोठमोठ्या लाकडी फळ्या, त्यांच्यावर शेकडो खिळे ठोकलेले. आधी ह्या फळ्या काही दिवस तळ्यात बुडवून ठेवायच्या म्हणजे त्या मातीतलं पाणी शोषणार नाहीत. मग चिकणमाती, पाणी आणि मीठ, मीठ ओल टिकायला, आणि ते पायाने तुडवायचं. हे काम पोरांचं. घोट्यापर्यंत गार चिखल, वरून मोठ्यांची परवानगी, आयुष्यात ह्याहून वर काही नाही. ती माती खिळ्यांवर थापून गुळगुळीत करायची, वर चित्राचा कागद पसरायचा आणि रेषेवर टोचत जायचं. कागद उचलला की मातीवर ठिपके.

आईला आजींनी नुसतं बघायला म्हणून नेलं होतं. धान्याच्या कोठारात, ट्रेसलवर म्हणजे लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली फळी, भोवती दहा-बारा बायका घामाने निथळलेल्या. कागद उचलला आणि आई मराठीतच म्हणाली, अगं बाई, हा तर ठिपक्यांचा कागद! माझ्याकडे वळून सांगायला लागली, आम्ही उदबत्तीने भोकं पाडायचो, चौकटीच्या वहीच्या पानाला, जास्त वेळ टेकवली की भोक मोठं व्हायचं, मग आजी रागवायची. आणि सांगता सांगता पदर खोचून ती खाली बसली. कुणी या बसा म्हटलं नव्हतं. काळ्या रेघेसाठी आल्डर नावाच्या झाडाची चिमुकली बोंडं वापरतात, आपल्या मसाल्याच्या वेलदोड्याएवढी, तिकडे त्यांना ब्लॅक नॉब्ज म्हणतात. ती ठिपक्या-ठिपक्यावर दाबत आईने एक हात लांब रेघ पूर्ण केली, तेव्हा कुठे बाकीच्यांचं लक्ष गेलं. एकजण म्हणाली, डॉक्टरबाई, तुमच्या हाताला सवय आहे.

पाकळ्या लावायच्या त्या खालून वर, एकीवर एक, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तर पाणी ओघळून जातं. त्या वर्षी पाऊस नव्हताच, उलट माती तडकायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी फळीवर केसाएवढी भेग दिसली आणि कोठारात एकदम शांतता. आई घरी गेली, बाबांच्या कोळशाच्या खोलीतली दोन गोणपाटं धुऊन भिजवून घेऊन आली, फळीच्या मागून आणि कडेने गुंडाळली. माठाला गुंडाळतात तसं. मग दिवसा गोणपाट आणि काम रात्री, असं ठरलं. मी आणि दादा पोत्यांवर झोपायचो, जाग आली की कंदिलासारखा पिवळा दिवा, बायकांची कुजबूज, चुरगळलेल्या पानांचा हिरवा वास, आणि आईचा हात फळीवर.

चित्र होतं बायबलमधल्या, याकोबाच्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती म्हणते, तुम्ही यहूदी, माझ्या हातचं पाणी कसं मागता? तिचा झगा गेल्या वर्षी वाळवलेल्या हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांचा. आईने त्याला बटरकपच्या पिवळ्या पाकळ्यांचा काठ लावला, मधे काळी बोंडं. इरकली काठ. व्हिकारने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, आशीर्वाद देताना ते बघितलं, काही बोलले नाहीत, पण थांबले.

त्या रात्री बाबांनी आम्हाला महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. १९२७, बाबासाहेब, ओंजळभर पाणी. दादाने विचारलं, आपल्या मंगळवेढ्याच्या आडावर सगळ्यांना पाणी भरता येतं का? बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आता येतं. मी लहान असताना नव्हतं येत. आणि उठून उगाच दवाखान्यातला दिवा बघायला गेले. आजोबांची पत्रं मी पुढे मोठी झाल्यावर परत वाचली, 'आडाला पाणी नाही' हे वाक्य वाचताना मला दरवेळी दादाचा तो प्रश्न ऐकू येतो. पण ते सगळं नंतरचं, आठव्या वर्षी मला फक्त एवढं कळलं होतं की आपल्या बाबांना काहीतरी लागलंय.

फळी आठवडाभर टिकते. मग पाकळ्या तपकिरी होतात, माती खरवडून काढतात, फळ्या धुऊन पुढच्या वर्षीसाठी ठेवतात. आईला रडू आलं होतं. आजी म्हणाल्या, डक, त्यात काय, आणि आई म्हणाली खरंय, रांगोळी तरी कुठे दुसऱ्या दिवशी राहते. पुढची चार वर्षं खालची पट्टी आईची, हे न विचारता ठरलेलं. फोनसारखंच. गावची झाली का ती? पोस्टातल्या बाईच्या हिशेबाने नाहीच. पण १९८० मध्ये आम्ही पुण्याला परत निघालो तेव्हा निरोपाला त्या बायकांनी जे कार्ड दिलं, त्यावर वरती काळे ढग काढलेले होते आणि खाली एका म्हातारीचं घर.

पुण्यात आल्यावर काय, मी वर्गात 'इंग्लंडची' झाले. ते असो, त्यावर लिहायला बसले तर रात्र जाईल. कोथरूडच्या घराच्या गच्चीतून सिंहगडाच्या बाजूला ढग जमले की आई कपडे काढायला पळायची आणि ओरडायची, अगं, बिलच्या आईकडे अंधारून आलंय. वाड्यातून आलेल्या काकूंना वाटायचं आमच्या कुणी नातेवाइकांकडे काहीतरी झालंय.

पहिल्या दिवाळीनंतर, बोटीच्या टपालाने यायला चार महिने लागले म्हणून नंतर, आजींचं पार्सल आलं. आत स्वेटर, चहाचा डबा, आणि कापडी पिशवीत दोन-एक किलो आल्डरची बोंडं. सोबत चिठ्ठी, तुमच्याकडे हे झाड नसेल, काळ्या रेघेला लागतील. सही ए-जे-ई-ई.

आईने ती बोंडं कडक उन्हात वाळवली आणि डालड्याच्या डब्यात भरली. दर दिवाळीला रांगोळीच्या कडेला लावायची, दिवाळी संपली की उचलून, फुंकर मारून, परत डब्यात. एका वर्षी काकूंनी त्यातली चार पुलावात घातली. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर आईने डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं. डबा आता माझ्याकडे आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, बोंडं मूठभर उरलीत, पट्टी पिवळी पडलीये पण अक्षर स्पष्ट वाचता येतं: 'मसाला वेलदोडे नव्हेत. हात लावू नये.'